कवठाळीच्या विहिरीतला जाळ

कस्तुराबाईंनी पळसाच्या पानावर कापूर पेटवला, वाकून पान पाण्यावर सोडलं, आणि पाणी पेटलं.

आधी भक् असा आवाज झाला. मग पिवळा जाळ पाण्यावरून पसरत थेट पायरीपर्यंत आला. कस्तुराबाई मागं कोसळल्या. त्यांच्या भुवया जळाल्या, पदराला हातभर भोक पडलं. काठावरच्या बाया किंचाळत पळाल्या. जाळ थोडा वेळ पाण्यावर नाचला. इथं विझायचा, तिथं पेटायचा. शेवटी काळ्या काजळीचे धागे हवेत सोडत तो निवला.

पंढरी मागच्याच पायरीवर नारळ घेऊन उभा होता. नारळ टाकून त्याने कस्तुराबाईंच्या काखांत हात घालून त्यांना वर ओढलं. त्या त्याच्या वडलांची थोरली बहीण. वडील शेषेराव कवठाळीचे सरपंच, पण घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचाच.

सगळं गाव विहिरीभोवती गोळा झालं होतं. पहिला बोलला तो निवृत्ती. हा पंचायतीचा सभासद. गावातली कामं अंगावर घ्यायची आणि अर्धी करून सोडायची, ही त्याची रीत.

"सकाळी पहिली घागर कुणी काढली?" तो म्हणाला. "सांगा की. आता का गप?"

लोकांच्या माना लिंबाच्या झाडाकडे वळल्या. झाडाखाली केवळाबाई उभी होती आणि तिच्या शेजारी तिची मुलगी चांगुणा, काखेत रिकामी घागर घेऊन.

दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि नव्या कलेक्टरांनी गावोगावच्या सरकारी विहिरी खोल करायचं काम रोजगार हमीवर काढलं होतं. कवठाळीची विहीर खोल केली ती बौद्धवाड्यातल्या माणसांनी. चांगुणाचा बाप लिंबाजी त्यांत पुढे होता. उन्हाळाभर पहार मारली तेव्हा खाली झरा लागला. आता त्या भागात अशी रीत, की ज्याने विहीर खणली त्याच्या घरची बाई पहिली घागर काढते. गावाला ते गोड लागलं नाही. पण कामावर देखरेख करणारा सरकारी ओव्हरसियर काठावर उभा होता आणि त्याने रीत म्हणजे रीत असं सांगितलं. म्हणून सकाळी केवळाबाईने घागर काढली होती. दिवस कलताना विहिरीत औषध टाकलं गेलं. आणि दिवेलागणीला, आत्याबाई पूजेला उतरल्या तेव्हा, पाणी पेटलं होतं.

"चल घरी," केवळाबाईने मुलीचा हात धरला.

"का म्हणून?" चांगुणा जागची हलली नाही.

तेवढ्यात कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. ते घागरीवर आदळून फुटलं. कुणी मारलं ते दिसलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. मग मात्र दोघी मायलेकी निघाल्या.

त्याच रात्री पारावर बैठक बसली. बौद्धवाड्यातून कुणालाच बोलावलं नव्हतं. निवृत्ती सगळ्यांत जास्त बोलला. नवा जिल्हा, नवे कायदे, आणि आता हे बघा, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ठराव असा झाला, की वाड्याकडून विहिरीकडे येणाऱ्या वाटेवर काटे टाकायचे. परवा तहसीलदार दुष्काळाची पाहणी करायला येणार होते. त्यांना सगळ्या गावाने एका तोंडाने सांगायचं, की विहीर बाटली, या लोकांची सोय दुसरीकडे करा. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. चार कोसांत दुसरी सरकारी विहीर नव्हती. गावासाठी सरपंचांच्या शेतातल्या बोअरचं पाणी बैलगाडीतून यायचं ठरलं. ती गाडी वाड्याकडे वळणार नव्हती.

सकाळी पंढरी आणि संगप्पा ओढ्यात गेले. संगप्पा हा किराणा दुकानदाराचा मुलगा, अंगाने गोल आणि बोलण्यात संथ. हे दोघे आणि चांगुणा एकाच वर्गातले, तिघेही आठवीची परीक्षा देऊन मोकळे झाले होते. सुट्टी लागल्यापासून उदगीरचा किल्ला बघायला जायचे बेत चालले होते. आता त्या बेताचं नावही कुणाच्या डोक्यात नव्हतं.

चांगुणा ओढ्याच्या कोरड्या वाळूत गुडघाभर खड्डा करून बसली होती. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरत होतं. वाटी बुडेल इतकं जमलं, की ती वाटीने घागरीत ओतायची आणि पुन्हा वाट बघायची.

"कशाला आलास?" ती मान वर न करता म्हणाली. "हिथंबी काटे टाकायचेत का?"

"काटे माझ्या बापानं टाकले. मी न्हाई," पंढरी म्हणाला.

"मग बापाला तसं म्हणालास का?"

पंढरीने वाळूत पाय घासला. त्याने बापाला काही म्हटलं नव्हतं. उलट चांगुणाशी बोलायचं नाही अशी त्याला तंबी मिळाली होती आणि तो ती ऐकून घेऊन, मागच्या दाराने निसटून आला होता. त्याने ते सांगितलं. चांगुणा म्हणाली, मागच्या दाराने आलेल्याचा तिला काही उपयोग नाही.

"भांडा, भांडा," संगप्पा वाळूवर आडवा होत म्हणाला. "संपलं की उठवा मला."

"तुला हसायला यायलंय," चांगुणा त्याच्यावर उलटली. "उद्या ती जीप आली आन् गेली, की मला रोज ह्याच खड्ड्यात बसायचं हाय. हा खड्डा आटला की मग काय करू? तूच सांग."

संगप्पा उठून बसला. हसणं त्याच्या तोंडावरून गेलं होतं.

मग पंढरी हळूच म्हणाला, "पण पाणी पेटलं की गं. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"पाणी पेटत नसतंय."

"मग आत्याच्या भुवया काय उंदरानं खाल्ल्या?"

चांगुणाने वाटी खाली ठेवली. सरांनी वर्गात करून दाखवलेल्या प्रयोगाची तिने त्यांना आठवण करून दिली. परीक्षानळीत हायड्रोजन वायू धरला होता. काडी लावताच तो टपकन् जळाला आणि नळीच्या आतल्या काचेवर बारीक थेंब जमले. वर्गात सगळे त्या आवाजाला हसले होते. चांगुणाने थेंब बघितले होते.

"हायड्रोजन जळाला की त्याचं पाणी होतंय," ती म्हणाली. "म्हणजे पाणी हे आधीच जळून बसलेलं असतंय. चुलीतली राख परत पेटवून बघ बरं. पेटली तर मला सांग."

पंढरी विचारात पडला. पाणी ही राख आहे, हे त्याला विचित्र वाटलं, पण खोडूनही काढता येईना.

"तू सगळ्यांत जवळ होतास," चांगुणा म्हणाली. "काय काय दिसलं ते नीट सांग. घाबरलास ते सोडून."

पंढरीने डोळे मिटले आणि आठवू लागला. पाणी पांढुरकं होतं, पातळ ताकासारखं. खालून बुडबुडे येत होते. बुडबुडा फुटला की तिथंच जाळ उठत होता. जाळ पिवळा आणि काजळी धरणारा होता. आत्याच्या कपाळावरची काजळी अजून निघाली नव्हती. आणि वास येत होता. घाणेरडा, लसूण जळाल्यासारखा.

"थांब," संगप्पा म्हणाला. "काय म्हणालास? लसूण?"

उदगीरला रेल्वे स्टेशनाजवळ त्याच्या मामाचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं एका लोखंडी टाकीत राखाडी दगड टाकतात, वरून थेंब थेंब पाणी सोडतात. त्या दगडाला कार्बाईड म्हणतात. दगडाला पाणी लागलं की गॅस सुटतो, गॅस नळीतून पुढे जातो आणि जळतो. जळतो तो गॅस. पाणी नव्हे, दगडही नव्हे. त्या दुकानात सदानकदा जळक्या लसणाचा वास मारतो, इतका, की संगप्पाला मामाकडे गेल्यावर जेवण गोड लागत नाही. आणि संगप्पाला जेवण गोड लागत नाही म्हणजे वास खरोखरच वाईट असणार.

"आन् गॅस निघून गेल्यावर खाली काय उरतंय?" चांगुणाने विचारलं.

"चुना. पांढरा शुभ्र. मामा दुकानामागं ढीग मारतो. लोक फुकट नेतात घरं रंगवायला."

"आमचं घरबी त्यानंच रंगवलंय दसऱ्याला," पंढरी म्हणाला.

"तुमचं घर, आमचं दुकान, निवृत्तीअण्णाचा गोठा. सगळं गाव मामाच्या ढिगानं पांढरं झालंय."

निवृत्तीचं नाव निघालं आणि तिघेही एकदम एकमेकांकडे बघू लागले. विहिरीत टाकायचं औषध म्हणजे ब्लिचिंग पावडर. ती उदगीरच्या दवाखान्यातून आणायचं काम निवृत्तीने घेतलं होतं. दिवस कलताना त्यानेच गाडीतून पोती आणली आणि पंढरीसमोर विहिरीत उलटी केली. पांढरी भुकटी होती. पांढरं दिसलं की औषध, असं सगळे समजले.

"पण भिंतीचा चुना पेटत न्हाई," संगप्पाने शंका काढली. "जुन्या ढिगात गॅस उरतच न्हाई. अण्णानं टाकीतला ताजा माल उचलला असंल. त्यात पाणी न लागलेले दगड राहतात. मामा कुणाला हात लावू देत न्हाई त्याला."

"मामा दुकानात नसला तर?"

संगप्पाने खांदे उडवले. दुपारी मामा झोपतो.

"मग काल रात्री अण्णाच सगळ्यांत मोठ्यानं का ओरडत होता, ते कळलं," चांगुणा म्हणाली. ती उभी राहिली. "आपण जाऊन सांगितलं तर कुणी ऐकणार न्हाई. माझं तर न्हाईच. दगड पायजे. पोत्याच्या कोपऱ्यात एखादा राहिला असंल."

निवृत्तीचा गोठा गावाबाहेर होता. भर दुपारी ते तिकडे गेले. ऊन असं होतं, की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. निवृत्तीचं कुत्रं मात्र दारातच पडलेलं असे आणि ते चावरं होतं. संगप्पाने दुकानातून गुळाचा खडा आणला होता. कुत्र्याला द्यायच्या आधी त्याने त्यातला थोडा स्वतः खाल्ला. एवढ्या भीतीत पोट रिकामं बरं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

पंढरीने दारात जाऊन निवृत्तीला हाक मारायची आणि बोलण्यात गुंतवायचं, असं ठरलं होतं. निवृत्ती बाजेवर पडला होता. पंढरीने त्याला बैलांबद्दल विचारलं, कडब्याबद्दल विचारलं, मग त्याला काही सुचेना, तेव्हा निवृत्तीच्याच शहाणपणाची तारीफ केली. ते मात्र लांबलं. निवृत्ती उठून बसला आणि तहसीलदारासमोर आपण काय काय बोलणार ते सांगू लागला.

चांगुणा मागच्या कुडातून आत शिरली. गाडी गोठ्यातच सोडलेली होती. गाडीखाली दोन पोती दुमडून टाकली होती. तिने एक झटकलं. पांढरी धूळ उडाली, बाकी काही नाही. दुसऱ्याच्या शिवणीत काहीतरी टणक लागलं. तिने बोटं घालून ओढलं. राखाडी रंगाचा, लिंबाएवढा दगड. तिने तो मुठीत घेतला आणि कुडाकडे वळली.

तेवढ्यात बैल बुजला. निवृत्ती बोलता बोलता थांबला आणि आत आला.

"कोण हाय? लिंब्याची पोरगी का तू?" त्याने वाट अडवली. "माझ्या गोठ्यात काय करायलीस?"

"बकरी शिरली होती आमची."

"कुठं हाय बकरी?"

"गेली."

"हातात काय हाय?"

चांगुणाच्या तळहाताला घाम सुटला होता. आणि मुठीतला दगड गरम होऊ लागला होता. आधी कोमट, मग चटका बसावा तसा. मुठीतून बारीक फुसफुस ऐकू येत होती, निदान तिला तरी येत होती. लसणाचा वास तिच्या नाकाशी आला. निवृत्तीच्या नाकाशी गेला असता तर सगळं संपलं असतं.

"दगड हाय," ती म्हणाली. "तुमचं कुत्रं चावतंय म्हणून."

निवृत्ती हसला. "विहीर बाटवली, आता गोठा बाटवायला आलीस. उद्या बघ. उद्यापास्नं तुमच्या वाड्यानं त्या विहिरीकडं नुसतं तोंड जरी केलं तरी याद राखा. निघ."

ती निघाली. पळाली नाही. दारातून, पंढरीसमोरून, कुत्र्याच्या अंगावरून ती सरळ चालत गेली आणि ओढ्याची दरड ओलांडल्यावरच तिने मूठ उघडली. तळहात लाल झाला होता आणि मधोमध फोड उठला होता.

"येडी का तू?" संगप्पा धावत येत म्हणाला. त्याने दगड कोरड्या फडक्यात धरला, पुसला आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. "घाम म्हणजे काय असतंय? पाणीच की. अर्धा दगड तुझ्या हातावरच संपला असता."

पंढरीने वाळूतल्या खड्ड्यातलं पाणी वाटीने काढून तिच्या हातावर ओतलं. एक वाटी, मग दुसरी. चांगुणा ओरडली, की तेवढ्या पाण्यात तिच्या आईची भाजी झाली असती. त्याने ऐकलं नाही.

दगड एकच होता. करून बघावं असं तिघांनाही वाटत होतं, पण करून बघितला तर उद्याला काय दाखवणार? तो बिनपरीक्षेचाच न्यायचा, असं ठरलं.

एक काम उरलं होतं, ते म्हणजे आत्याबाईंना आपल्या बाजूला वळवायचं, आणि ते फक्त पंढरी करू शकत होता. आत्याबाई स्वयंपाकघरात कपाळाला तूप लावून पडल्या होत्या. पंढरीने त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं. गोठ्यात कोण शिरलं आणि उद्या पारावर न शिवलेलं पाणी लागणार तेसुद्धा. आत्याबाईंनी ऐकता ऐकताच त्याच्या गालफडात एक लगावली. त्या पोरीशी बोलायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून. पंढरी गाल चोळत बसून राहिला.

"आत्या, तुमाला वास आला होता का न्हाई? लसणाचा?"

आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

तहसीलदारांची जीप सकाळी धूळ उडवत आली. पाराभोवती गाव जमलं. बौद्धवाड्यातली माणसं थोडी लांब, उन्हात उभी राहिली. सावलीत जागा होती, पण कुणी त्यांना या म्हणालं नाही.

निवृत्तीने रात्री पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. गावाने माना डोलावल्या. तहसीलदार रुमालाने मान पुसत होते. त्यांना दुपारी लातूरला बैठक होती. पाणी पेटलं यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही, पण वाद घालायला त्यांना वेळही नव्हता. तंटा नको, वाड्याची सोय वेगळी बघू, असं काहीतरी ते म्हणू लागले.

लिंबाजी पुढे झाला. "साहेब, इहीर आमी खणली."

"ऐकलं ते," तहसीलदार म्हणाले. त्यांनी पुढचं ऐकायची तयारी दाखवली नाही.

तेव्हा चांगुणा बापाच्या मागून पुढे आली. हाताला चिंधी बांधलेली होती. ती तहसीलदारांकडे गेली नाही, निवृत्तीसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, विहिरीचं पाणी आमच्या हातानं पेटलं म्हणता न्हव का?"

"आता लेकरांना म्होरं करायलेत," निवृत्ती लोकांकडे बघून म्हणाला.

"उत्तर द्या की. आमचा हात लागला म्हणून पेटलं?"

"हाव. मग?"

"मग ज्या पाण्याला आमचा हात कदी लागलाच न्हाई, ते पेटणार न्हाई. खरं का खोटं?"

"खरंच की," निवृत्ती म्हणाला. लोकही खरंच की म्हणाले. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

"असं पाणी कुणाच्या घरी हाय?"

गर्दी मागून हलली. कस्तुराबाई येत होत्या. त्यांच्या हातात झाकण घातलेला तांब्या होता आणि काखेत पितळी परात. बिनभुवयांचा चेहरा त्यांनी पदराने झाकला नव्हता. पंढरीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"माझ्या देवापुढचं पाणी हाय हे," त्या म्हणाल्या. "आमच्या बोअरचं. ह्याला कुणी हात लावलाय म्हणायची छाती हाय का कुणाची?"

कुणाची नव्हती. त्यांनी परात पारावर ठेवली आणि स्वतःच्या हाताने पाणी ओतलं. चांगुणा चार पावलं मागं सरून हात पाठीशी बांधून उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. संगप्पाने डबा उघडला. पंढरीने चिमट्याने दगड उचलला आणि परातीत सोडला.

पाणी फसफसलं. पांढरे बुडबुडे उठले. वास सुटला आणि पुढच्या बाया नाकाला पदर लावून मागं सरल्या.

"साहेब, काडी तुमीच लावा," चांगुणा म्हणाली. "जरा लांबून."

तहसीलदारांनी खिशातली काडेपेटी काढली. त्यांना आता लातूरची घाई नव्हती. काडी परातीजवळ गेली आणि देवापुढचं पाणी पेटलं. पिवळा जाळ बुडबुड्यांवर उठला, काजळीचे काळे धागे वर जाऊन कस्तुराबाईंच्या लुगड्यावर बसले.

"हाच," कस्तुराबाई म्हणाल्या. "हाच वास. हाच जाळ."

पारावर कालवा झाला. चांगुणाने तो शांत व्हायची वाट बघितली. पाणी जळत नाही, ती म्हणाली. दगडातून सुटलेला वायू जळतो. दगड संपला की जाळ संपेल आणि पाणी तसंच राहील. आणि बघता बघता बुडबुडे थांबले, जाळ गेला. परातीत पांढरं पाणी उरलं. तहसीलदारांनी पुन्हा काडी लावून बघितली. काडी पाण्याला टेकली आणि विझली.

"हा दगड कुठं मिळाला?" त्यांनी विचारलं.

चांगुणाने पंढरीकडे बघितलं. पंढरीने बापाकडे बघितलं. शेषेराव त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते.

"निवृत्तीअण्णाच्या गाडीखालच्या पोत्यात," तो म्हणाला. "तीच पोती अण्णानं इहिरीत रिकामी केली. औषध न्हवतंच ते. वेल्डिंगच्या दुकानातला चुना होता."

निवृत्तीने पोरांना खोटं पाडायचा प्रयत्न केला. मग चुना म्हणजे चुना, सगळं गाव वापरतं, असं म्हणू लागला. शेषेरावांनी एकच विचारलं, की दवाखान्यात गेला होतास का. तेव्हा हळूहळू बाहेर पडलं. दवाखान्याची खिडकी जेवणासाठी बंद होती. थांबायचा त्याला कंटाळा आला. परतताना दुकानाबाहेर, टाकीतून नुकतंच काढलेलं पांढरं दिसलं आणि मालक झोपला होता.

"आन् जाळ झाला तवा?" कस्तुराबाईंनी विचारलं. "तवा तुला कळलं न्हाई? माझं तोंड जळालं रे मेल्या. तू माझ्या समोर हुबा राहून दुसऱ्याचं नाव घेतलंस."

निवृत्तीने माफी मागितली नाही. कुणी त्याला मागायलाही लावली नाही. ते लिंबाजीने बघितलं, चांगुणानेही बघितलं.

तहसीलदार आता वेगळ्याच आवाजात बोलू लागले. काटे आत्ताच्या आत्ता उचला. ते पुन्हा दिसले तर टाकणाऱ्यावर खटला होईल. विहीर सरकारी आहे आणि सगळ्यांची आहे. आतलं पाणी कुणी पिऊ नये. ते उपसून पडीक रानात सोडायचं आणि उपसायला निवृत्तीचे बैल आणि निवृत्ती. संगप्पाने बजावलं, की आधी विहिरीला वारा लागू द्या, तोवर कुणी खाली उतरू नये आणि विहिरीपाशी विडी ओढू नये. तहसीलदारांनी त्याची पाठ थोपटली. मग पंढरीची थोपटली. शेषेरावही लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, की पोरगं हुशार निघालं.

"डोकं चांगुणाचं हाय," पंढरी म्हणाला. "म्या नुसता दगड टाकला."

शेषेरावांना ते उत्तर आवडलं नाही. पण तहसीलदारांनी चांगुणाला जवळ बोलावलं, अशी मुलगी या नव्या जिल्ह्याला हवी, असं म्हणाले आणि तिला काय हवं ते विचारलं.

"साहेब, मला शाब्बासकी नको," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर काय होतंय ते बघायला कुणाला तरी पाठवा."

तहसीलदार पाठवतो म्हणाले, आणि खरंच ओव्हरसियर रोज येऊन जाऊ लागला.

लिंबाजीने घरी जाताना मुलीची चिंधी सोडून तळहात बघितला. दुखतंय का, असं विचारलं. ती हो म्हणाली. त्याने चिंधी पुन्हा बांधली, जरा सैल, आणि सगळ्या वाटेत तो हात सोडला नाही.

पाणी उपसायला बरेच दिवस लागले. विहीर स्वच्छ झाली, खरं औषध पडलं, झरा पुन्हा भरला, आणि एका सकाळी पाण्यासाठी रांग लागली. ओव्हरसियर काठावर बसलेला होता. वाटेवर काटे नव्हते, पण रांगेत चांगुणा उभी राहताच पुढच्या बाईने आपली घागर ओढून पुढे घेतली आणि मागून येणाऱ्या दोघी लिंबाखाली जाऊन थांबल्या. चांगुणाच्या मागे मोकळी जागा राहिली. ती मागं न बघता उभी राहिली.

थोड्या वेळाने कस्तुराबाई आल्या. भुवयांच्या जागी बारीक खुंट उगवू लागले होते. त्यांनी लिंबाखालच्या बायांकडे बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी आपली घागर चांगुणाच्या घागरीमागे टेकवली. मधे वीतभर अंतर ठेवून टेकवली, पण मागेच टेकवली.

रांग सरकली. मागे घागर टेकल्याचा आवाज ऐकून चांगुणा जागीच उभी होती.

"हल की पुढं," कस्तुराबाई करवादल्या. "ऊन चढायलंय."